माझा विमानतळ, तालुका पादरा

१६ जानेवारी, दुपारी
मान आखडली आहे. उत्तरायणाचे दोन दिवस पतंगांसाठी वर बघून बघून. मांज्याने कापलेल्या बोटांना पट्ट्या आहेत म्हणून अक्षर असं, एरवी चांगलं असतं.
आज आयुष्याला दिशा मिळाली. पादऱ्याच्या पुढे, नदीच्या बाजूला.
खरं म्हणजे आईने मावशीकडे तरसालीला उंधियूचा डबा परत करायला पाठवलं होतं. वाटेत एक टेम्पो दिसला, त्यात घोडा उभा. लग्नांना वर्ज्य असलेले कमुरता संपले, लग्नं सुरू झाली, घोडा वरातीचाच असणार. टेम्पोतून घोडा खाली कसा उतरवतात हे मी कधी पाहिलेलं नाही. आज बघू म्हणून ॲक्टिव्हा मागे लावली. पादरा गेलं तरी तो उतरवेना. शेवटी पेट्रोलचा काटा बघून मीच थांबलो, लघवीला एका शेताच्या कडेला गेलो, आणि समोर धावपट्टी.
डांबराची, तीन ट्रक शेजारी शेजारी जातील एवढी रुंद, अर्धा किलोमीटर तरी लांब. दोन्ही टोकांना शेत. ना दुकान, ना स्पीडब्रेकर. असा रस्ता विमानाशिवाय दुसऱ्या कुणासाठी असूच शकत नाही. बाजूला पत्रे उडालेली शेड. डांबरावर पांढऱ्या रंगात मोठे आकडे, एकपासून चौदापर्यंत. वरून पायलटला दिसावेत म्हणून. टोकाला बांबूवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, विंडसॉक. कापड फुलाफुलांचं, पण नवीन शिवलेलं. म्हणजे मेंटेनन्स चालू आहे, फक्त मॅनेजर नाही.
डबा अजून डिकीत आहे.

१७ जानेवारी
जेवताना जाहीर केलं की मी विमानतळ चालवणार. आई म्हणाली, डबा दिलास का. शलाकाताई म्हणाली, तुझ्याकडे गाडीचं पक्कं लायसन्स तरी आहे का रे. ती दातांची डॉक्टर आहे, तिला लोकांच्या दुखऱ्या जागी टोचायची सवय आहे.
बाबांनी आधी ताट संपवलं. मग हात धुऊन आले आणि बसून म्हणाले, समरजित, तबला सोडलास, बी. कॉम. सोडलंस, मोमोची गाडी अकरा दिवसांत सोडलीस. आपल्या घरातल्या चार पिढ्यांनी बडोदा संस्थानचा कारभार पाहिला, आणि तुझ्या हातून एक काम शेवटाला गेलेलं मी पाहिलेलं नाही. फेब्रुवारी संपायच्या आत कसलंही एक काम सुरू करून पूर्ण केलेलं दाखव. नाही दाखवलंस तर एक मार्चला अभिषेककडे हजर व्हायचं.
अभिषेक माझा मावसभाऊ. मकरपुऱ्याला त्याचा व्हॉल्व्हचा कारखाना आहे आणि त्याला स्टोअररूमसाठी माणूस हवाय. ती खोली मी पाहिली आहे. तिला खिडकी नाही. मी पुरी खाताना सुद्धा खिडकीजवळ बसतो.
पण कारभार रक्तात आहे. विमानतळ म्हणजे तरी काय, कारभारच.

२० जानेवारी
मालकाला भेटलो. मालक म्हणजे मालकीण. शकरीबा पढियार, वय ऐंशी सांगतात, शेडच्या सावलीत खाटेवर बसतात. त्यांचा मुलगा जशुभाई शेती बघतो.
बांनी आधी विचारलं, कोनो दीकरो. मी बाबांचं नाव सांगितलं, पणजोबांचं सांगितलं, संस्थानातला हुद्दा सांगितला. बा म्हणाल्या, सारु, तो चा पीशे.
हकिगत अशी. चाळीस वर्षांपूर्वी रंगाच्या कारखान्याचा एक शेठ आला, बांच्या सासऱ्यांकडून जमीन भाड्याने घेतली, पट्टी केली, दोनदा विमानातून उतरला. मग कारखाना बुडाला, शेठ गेला, डांबर राहिलं. नांगर चालत नाही, उखडायला परवडत नाही. तेव्हापासून गावची चौदा घरं त्यावर तूर वाळवतात, मळतात. आकडे घरांचे आहेत, ज्याचा आकडा त्याची जागा. विंडसॉक बा स्वतः शिवतात, जुन्या घागऱ्याचा. मळलेली तूर उपणायला वारा कुठून आहे ते कळलं पाहिजे ना, म्हणाल्या.
म्हणजे पार्किंग बे पाडलेलेच आहेत आणि हवामान खातं चालू आहे. निम्मं काम झालंच म्हणायचं.

२४ जानेवारी, रात्री जेवणाआधी
मोठं गिऱ्हाईक. बडोद्यात समा भागातल्या आमच्या सोसायटीतले बिपिनभाई. त्यांचा भाचा जय न्यूजर्सीहून लग्नाला येतोय, मुलगी पादऱ्याची, मांडव पादऱ्याच्या अलीकडच्या पार्टी प्लॉटमध्ये. बिपिनभाईंची इच्छा आहे की भाच्याने हेलिकॉप्टरमधून उतरावं, कारण साडूच्या मुलाने मागच्या वर्षी तसं केलं. पार्टी प्लॉटमध्ये झाडं आहेत, जागा मिळेना. मी म्हटलं, माझा विमानतळ आहे.
बिपिनभाई सोफ्यावरून पुढे सरकले. तारो, म्हणाले. मी म्हटलं, मॅनेजमेंट मारं. १५ फेब्रुवारी ठरली. अहमदाबादची कंपनी हेलिकॉप्टर देते, परवानग्या पण तेच काढतात. मी फक्त मोकळी जागा द्यायची.
फक्त.

२६ जानेवारी
बांची परवानगी मिळाली, अटीवर. फेब्रुवारीत पट्टीवर चौदाही घरांची तूर असेल. वर्षाचं पीक. घरची डाळ त्यातूनच, बियाणं त्यातूनच, बाकीची पादऱ्याच्या बाजारात. हेलिकॉप्टर येण्याआधी ती उचलून पोत्यात गेली पाहिजे. ते जुळवायचं तर चौदा घरांना तारीख निदान आठ दिवस आधी कळली पाहिजे, म्हणजे मळणी त्या हिशोबाने लावतील. घरोघर जाऊन सांगायचं कुणी? मी म्हटलं, मी.
बा जशुभाईंकडे बघून म्हणाल्या, आने नंबर आप.
जशुभाईंनी चौदाच्या पुढे पंधरा आकडा रंगवला. माझा. ज्याचा नंबर असतो त्याच्यावर राखणीचा एक वारही येतो, कारण नीलगाई येतात. माझा वार गुरुवार. मी फोटो काढून शलाकाताईला पाठवला. तिने अंगठा पाठवला. म्हणजे जळते.

३१ जानेवारी
संकल्प:
रोज सकाळी सहाला उठणार.
चौदा घरांना तारीख सांगणार. लगेच.
विमानांविषयी एक पुस्तक वाचणार.
आज उठायला सव्वानऊ झाले, पण थंडी आहे. घरांना सांगायला निघालो होतो. डभोईच्या फाट्यावर एक माणूस हार्मोनियम उघडून बसला होता, आतल्या पट्ट्या रांगेत मांडलेल्या. तो परत कसा जोडतो हे बघण्यात चार वाजले. जोडल्यावर दोन पट्ट्या उरल्या. तो म्हणाला, चालशे. मला हा माणूस आवडला.
डभोईचा फाटा पादऱ्याच्या वाटेवर येत नाही. ते मला नंतर लक्षात आलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
माझा राखणीचा वार. अकरा वाजेपर्यंत उत्तम राखण. पट्टीवर तुरीच्या काड्या पसरल्यात, आकड्यांच्या मध्ये वीतभर मोकळी वाट ठेवून. कुणी कुणाच्या जागेत दाणा जाऊ देत नाही. असं शिस्तीचं ट्रॅफिक मी बडोद्यात कुठे पाहिलेलं नाही.
मग कच्छकडचे रबारी उंट घेऊन गेले. अठ्ठावीस उंट आणि एक पिल्लू, पिल्लाच्या पायात घुंगरू. मही नदीपर्यंत बरोबर गेलो. एका आज्जींनी उंटाच्या दुधाचा चहा दिला. खारट. पण दुसरा कप गोड लागतो.
परत आलो तर तीन आणि चार नंबरची निम्मी तूर नीलगाईंनी खाल्लेली. जशुभाई खूप बोलले. त्यातलं पुष्कळ गुजराती मला आज नव्याने कळलं. बांनी आपल्या एक नंबरमधल्या दोन पाट्या उचलून तीन आणि चारवर नेऊन ओतल्या.
सिक्युरिटी हा वेगळा विभाग असायला पाहिजे. मॅनेजरने राखण करणं हीच मुळात चूक.

९ फेब्रुवारी
कंपनीचे कॅप्टन गाडीने पाहणीला आले. पट्टी बघून खूष. ग्राउंड इनचार्ज कोण, म्हणाले. मी पुढे झालो. मला नारिंगी जॅकेट दिलं आणि सांगितलं, शंभर मीटरमध्ये उडणारी एक वस्तू नको. कागद नको, गवत नको, हे सगळं तर अजिबात नको. हे सगळं म्हणजे तूर. मी म्हटलं, चिंता ना करो. मधोमध चुन्याचा मोठा एच काढायला सांगितला, तो लगेच काढला. सहा आणि सात नंबरची तूर बाजूला ढकलावी लागली. सहा नंबरच्या काकी मला आता पायलट म्हणतात. मानाने म्हणतात असं नाही, पण म्हणतात.
जॅकेट घालून घरी गेलो. शलाकाताई आतून ओरडली, आई, कचऱ्याची गाडी आली.
घरांना तारीख सांगायची राहिली. आधी कोणत्या क्रमाने सांगायची याचा तक्ता करतोय. रंगीत पेन आणली.

१३ फेब्रुवारी
तक्ता झाला. फार देखणा झाला आहे. चौदा घरं, चौदा रंग. उद्या सकाळी जाऊन सगळ्यांना सांगतो.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
अडचण झाली आहे. माझ्याकडून नाही, वाऱ्याकडून.
सकाळी तक्ता घेऊन गेलो तर गावाने परवाच ट्रॅक्टर फिरवून सगळी तूर मळून टाकली होती. कुणाला तारीख माहीत नव्हती म्हणे. आता पट्टीवर चौदा ढीग, दाणे आणि फोलपटं एकत्र. उपणल्याशिवाय पोत्यात भरता येत नाही. उपणायला वारा लागतो. तीन दिवस वारा नाही. बांचा घागरा बांबूवर नुसता लोंबतोय.
जशुभाई म्हणाले, हेलिकॉप्टर बंद रखाव. मी म्हटलं, ते शक्य नाही, वरात निघेल, पत्रिका वाटल्यात. सहा नंबरच्या काकी म्हणाल्या, अमारी तुवेर उडी जशे तो तारा पप्पा आपशे? बांनी मग मार्ग काढला. सगळे ढीग पट्टीच्या पश्चिम टोकाला ओढायचे आणि वर ताडपत्र्या टाकून कडेला दगड ठेवायचे. चौदा ताडपत्र्या पादऱ्याहून कुणी आणायच्या? मी म्हटलं, मी. बा माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, जा.
गेलो. दुकान जेवायला बंद. समोर एक बँड उभा, झांजवाला आला नाही म्हणून वरात अडलेली. कुणाची तरी वरात अडलेली मी बघू शकत नाही. दोन तास झांजा वाजवल्या. बँडमास्तर म्हणाले, हाथ बेसी गयो छे तारो. परत आलो तेव्हा दुकानात दोनच ताडपत्र्या उरल्या होत्या. त्या आणल्या.
तोपर्यंत गावाने चौदाही ढीग हाताने ओढून टोकाला नेले होते. बायकांचे हात सोललेत. मी त्या दोन ताडपत्र्या तीन आणि चार नंबरवर घातल्या. ते तरी बरोबर केलं.

१५ फेब्रुवारी, दुपारी ३
सविस्तर लिहिलं पाहिजे. अंगाला खाज सुटली आहे.
हेलिकॉप्टर साडेदहाला येणार होतं, दहाला आलं. वऱ्हाड नटूनथटून पट्टीच्या कडेला, पश्चिम टोकाजवळ, कारण तिथे सावली होती. जागा मीच दाखवली होती. ढोल चालू. बिपिनभाई शेरवानीत. मी जॅकेटमध्ये, एचच्या बाजूला, दोन्ही हात वर.
हेलिकॉप्टर खाली येऊ लागलं आणि वारा सुटला. तीन दिवसांचा एकदम.
दोन ताडपत्र्या दगडांखाली टिकल्या. बाकीच्या बारा ढिगांतलं फोलपट उठलं. पिवळा ढग वर गेला, वळला आणि वऱ्हाडावर बसला. ढोल बंद पडला, कारण ढोलवाला दिसेना. कॅप्टननी मशीन वर घेतलं, फिरवून आणलं, पुन्हा खाली आणलं. या वेळी ताडपत्र्या गेल्या, दगडांसकट, आणि तीन आणि चारचं फोलपटही उठलं. मग ते निघून कालव्यापलीकडच्या एका शाळेच्या मैदानावर उतरले. जय तिथून जशुभाईंच्या ट्रॉलीतून मांडवात गेला. म्हणे ट्रॉलीत तोच एकटा हसत होता.
बिपिनभाई माझ्याकडे आले. तोंड उघडलं, खोकला आला, परत गेले.
मी शेडच्या मागे गेलो. वर्षाचं पीक. चौदा घरं. ॲक्टिव्हा कुठे लावली आहे ते आठवेना, नाहीतर निघालोच होतो. तेवढ्यात हसण्याचा आवाज आला. बघतो तर बा खाटेवरून उठून पश्चिम टोकाला उभ्या, ओंजळीत तूर. फोलपट हलकं ते गेलं, दाणे जड ते डांबरावर राहिले. थोडे इकडे तिकडे पसरले, बायकांनी तासाभरात झाडून आणले. तीन दिवसांत उपणून होईना ते दीड मिनिटात झालं होतं. सहा नंबरच्या काकी सूप उपडं टाकून त्यावर बसल्या होत्या आणि डोळे पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, पायलट, काले पाछो बोलाव, म्हणजे उद्या परत बोलाव.
निष्कर्ष: हेलिकॉप्टर हे मुळात शेतीचं यंत्र आहे. हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी
काल शलाकाताईच्या क्लिनिकमध्ये तीन पेशंट. तिघे बिपिनभाईंचे नातेवाईक, तिघांच्या दातांत फोलपट. ती म्हणाली, धंदा दिलास म्हणून थँक्यू. आईला बिपिनभाईंच्या घरून लग्नाची मिठाई आली नाही. तिने दोनदा दार उघडून पाहिलं.
बाबांना सांगितलं, काम पूर्ण झालं. जागा रिकामी द्यायची होती, झाली. तूर साफ व्हायची होती, झाली. बाबा म्हणाले, आपल्या घरात तोंडी काही चालत नाही. अहवाल लिही. आणि ज्यांचं काम केलंस त्यांच्याकडून एक ओळ आण की तू सांगितलेलं केलंस. ओळ आली तर मी अभिषेकला नाही म्हणून कळवतो.
एक ओळ. बा तर मला पंधरावा नंबर म्हणतात.

२२ फेब्रुवारी
अहवालाचं मुखपृष्ठ तयार. वरून दिसणारी पट्टी, एच, वारा बाणांनी दाखवला आहे. आत लिहायला उद्यापासून सुरुवात. पुढच्या हंगामाची योजनाही त्यातच घालणार: पादरा तालुक्यातली सगळी खळी, एक हेलिकॉप्टर, गावोगाव उपणणी. कंपनीला फोन केला. ग्राउंड इनचार्ज बोलतोय म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला. रेंज नसेल.

२६ फेब्रुवारी
पत्र मिळालं.
बांकडे गेलो. पट्टीवर उशिरा आलेली दुसऱ्या वाडीची तूर होती आणि तिच्यासमोर दोन मोठे स्टँडचे पंखे, लग्नात लावतात तसले, लांबच लांब वायर शेडमधून ओढलेली. जशुभाई पाटीतून तूर सोडत होते, फोलपट शिस्तीत एका बाजूला पडत होतं. म्हणाले, तारो आयडिया. हेलिकॉप्टर बघितल्यावर गावाला सुचलं. वाऱ्याची वाट बघणं संपलं.
मी म्हटलं, पण हेलिकॉप्टरने जास्त जोरात होतं. ते म्हणाले, हा, ए वात साची.
बांनी ओळ सांगितली, जशुभाईंनी लिहिली. लिहिताना एकदा थांबून बांकडे बघितलं. बांनी मान हलवली, लख. मग खळ लावून पाकीट चिकटवलं. सीलबंद. सरकारी कागद असाच असतो, वाटेत उघडायचा नसतो. निघताना बांनी पाच किलो तूर दिली, पंधरा नंबरची. डोक्यावर हात ठेवला. त्या हातावर अजून ताडपत्रीच्या दिवसाचे फोड होते.
अभिषेकला फोन करून सांगून टाकलं की दुसरा माणूस बघ.

२७ फेब्रुवारी
बाबांनी जेवण झाल्यावर चष्मा लावून पाकीट उघडलं. आधी मनात वाचलं. मग मोठ्याने, गुजरातीत. मग मराठी करून, जरी घरात सगळ्यांनाच कळलं होतं.
छोकरो सारो छे. दिलनो चोख्खो छे. पण हवे मोकलशो नहीं.
मुलगा चांगला आहे. मनाने स्वच्छ आहे. पण आता पाठवू नका.
आई पदर तोंडाला लावून आत गेली. शलाकाताईने माझं ताट उचलून नेलं, तेच जास्त लागलं. बाबांनी पत्राला छिद्र पाडून ते माझ्या फाइलमध्ये लावलं. माझी फाइल आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. बरीच जाड आहे.
मी म्हटलं, पहिली दोन वाक्यं बघा ना. बाबा म्हणाले, ती पाहिली, म्हणूनच अभिषेककडे पाठवतोय, नाहीतर त्याच्याकडेही पाठवलं नसतं.

१ मार्च, सकाळी ९.४०
मकरपुरा. स्टोअर. खिडकी नाहीच.
हे तात्पुरतं आहे. मोठ्या योजनेच्या आधी माणसाने लहान जागेतून सिस्टिम शिकून घ्यावी. अभिषेकने पहिलं काम दिलंय, साइजप्रमाणे वॉशर वेगळे करायचे, सहा डब्यांत. सोपं आहे. दुपारपर्यंत संपवणार. आधी डब्यांना रंग द्यावेत का, म्हणजे एका नजरेत कळेल. प्रत्येकाला वेगळा.
बाहेर अंगणात कुणीतरी क्रेन आणली आहे, आवाज येतोय. क्रेनचा हात दुमडतात कसा ते बघून येतो, दोन मिनिटांत.

९.५५
अभिषेक दारातच उभा होता. परत बसलो. तो अजून उभा आहे. विचारतोय, एवढं काय लिहितोयस. वॉशरची यादी, म्हटलं.
दाखव, म्हणाला.